लॅक्रॉसमधला बचाव समजून घेताना: डेव्ह पिएट्रामालाची चार वर्षं

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत, फेकत गोल करायचा खेळ. अमेरिकेतल्या विद्यापीठीय लॅक्रॉसमध्ये दरवर्षी देशातल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एक पुरस्कार मिळतो. व्हिएतनाममध्ये मारले गेलेले लॅक्रॉसपटू लेफ्टनंट रेमंड एनर्स यांच्या नावाचा. १९८८ सालापुढे नाव आहे गॅरी गेटचं. १९९० पुढेही त्याचंच. सिराक्यूज विद्यापीठाच्या या पठ्ठ्याने १९८८ च्या एकाच हंगामात ७० गोल मारले होते, तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल आहे ते मधल्या ओळीचं. १९८९ चा पुरस्कार जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्ह पिएट्रामालाला मिळाला, आणि त्याचं काम गोल करणं नव्हतंच. समोरच्याला करू न देणं हे होतं.

कबड्डीत कोपऱ्यातल्या गड्याने पकड केली की फलकावर गुण चढतो. क्रिकेटमध्ये निर्धाव षटकाची निदान नोंद तरी होते. लॅक्रॉसमधल्या बचावपटूला यातलं काही नाही. गोल, गोलला केलेली मदत, गोलरक्षकाने अडवलेले फटके हे सगळं मोजलं जातं. बचावपटूच्या वाट्याला जमिनीवरून उचललेले चेंडू, आणि हल्ली त्याच्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या हातून किती वेळा चेंडू सुटला याचा आकडा. १९८० च्या दशकात तीही पद्धत रुजलेली नव्हती. त्यामुळे पिएट्रामालाची कारकीर्द समजून घ्यायची तर आकड्यांचा फारसा उपयोग नाही. आधी त्याचं काम समजून घ्यावं लागतं.

मैदानापासून सुरुवात करू. पुरुषांच्या मैदानी लॅक्रॉसचं मैदान ११० यार्ड लांब आणि ६० यार्ड रुंद असतं. एका बाजूला दहा खेळाडू: एक गोलरक्षक, तीन बचावपटू, तीन मधल्या फळीतले, तीन आक्रमक. गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच, म्हणजे फुटबॉलच्या मानाने अगदी चिमुकली. पण फुटबॉलपेक्षा किंवा हॉकीपेक्षा खरा वेगळेपणा चौकटीच्या आकारात नाही, तिच्या जागेत आहे. ती मैदानाच्या टोकाला नसते. तिच्या मागे आणखी १५ यार्ड मैदान असतं आणि तिथेही खेळ चालतो. आक्रमक चेंडू घेऊन गोलच्या पाठीमागे उभा राहू शकतो, तिथून सहकाऱ्यांना चेंडू देऊ शकतो, किंवा वळसा घालून पुढे येऊन फटका मारू शकतो. या मागच्या जागेला सगळे जण ‘एक्स’ म्हणतात. गोलरक्षकाला एकदा पुढे, एकदा मागे मान वळवावी लागते, आणि त्याच्या नजरेत क्षणाची जरी फट पडली तरी गोल होतो. बचावपटूंची अर्धी डोकेदुखी या १५ यार्डांत आहे.

गोलभोवती ९ फूट त्रिज्येचं वर्तुळ असतं, त्याला क्रीज म्हणतात. इथला नियम बचावपटूच्या बाजूने आहे. आक्रमकाला क्रीजमध्ये पाय ठेवता येत नाही, बचावपटूला त्यातून पळता येतं. म्हणजे मागून वळसा घेणाऱ्या आक्रमकाला लांबचा रस्ता आणि बचावपटूला जवळचा. नवशिके बचावपटू ही सवलत विसरतात आणि आक्रमकाच्या मागेमागे वर्तुळाबाहेरून धावत बसतात. मग पोचायला उशीर झाला की चूक धावण्याच्या वेगावर ढकलतात.

आता काठी. आक्रमकाच्या काठीची लांबी ४० ते ४२ इंच असते. बचावपटूला ५२ ते ७२ इंचांची चालते, आणि जवळपास सगळेच ७२ इंचांची, म्हणजे पूर्ण सहा फुटांची घेतात. गोलरक्षक सोडून एका संघाला मैदानावर एका वेळी अशा चारच लांब काठ्या ठेवता येतात. तीन बचावपटूंकडे, चौथी मधल्या फळीतल्या एकाकडे. लांब आणि आखूड काठीत साधारण ३० इंचांचा फरक पडतो. हे ३० इंच म्हणजे बचावपटूच्या हातातला वेळ. समोरचा अजून दोन पावलं लांब असतानाच त्याच्या हातांना त्रास देता येतो, आणि तो निसटलाच तर बाजूने काठी लावून त्याचा फटका बिघडवता येतो.

पण या लांबीची किंमतही मोजावी लागते. जोरात फिरवलेली लांब काठी चुकली तर ती परत जागेवर यायला आखूड काठीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि चांगल्या आक्रमकाला तेवढा पुरतो. गर्दीत ती अडकते. चेंडू जाळीत टिकवण्यासाठी मनगटाने काठी सतत झुलवावी लागते. लांब काठीला त्यासाठी जागा जास्त लागते, म्हणून बचावपटूच्या हातातला चेंडू हिसकावणं तुलनेने सोपं. जमिनीवरचा चेंडू उचलताना तर काठीचं मागचं टोक वर राहिलं की जाळी चेंडूवर नीट सरकत नाही. चेंडू पुढे ढकलला जातो, आणि काठी जमिनीत रुतली तर मागचं टोक स्वतःच्याच पोटात बसतं. यावर उपाय एकच: गुडघ्यात इतकं वाका की मागच्या हाताची बोटं गवताला लागतील, आणि थांबून न उचलता चेंडूतून पळत जा.

पिएट्रामाला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या हिक्सविलचा. हा भाग लॅक्रॉसचं जुनं आगर. तिथून तो बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये आला आणि १९८६ ते १९८९ असे चार हंगाम खेळला. आपल्याकडे हे विद्यापीठ वैद्यकीय संशोधनासाठी ठाऊक आहे. खेळांत ते एरवी तिसऱ्या श्रेणीत असतं, लॅक्रॉस मात्र पहिल्या श्रेणीत खेळतं, आणि तेही १८८३ पासूनच्या परंपरेने. बाल्टिमोरमधल्या होमवुड मैदानावर संघात जागा मिळवणं ही तिथे साधी गोष्ट नाही. पिएट्रामाला उंच होता, दणकट होता, पण तसे बरेच असतात. त्याच्याकडे आणखी काय होतं ते समजायला बचावपटूच्या रोजच्या कामाचे तुकडे करून पाहावे लागतात.

पहिला तुकडा म्हणजे समोरच्यापाशी पोचणं. आपल्या आक्रमकाकडे पास निघाला की बचावपटू गोलजवळच्या जागेवरून त्याच्याकडे धावतो. यातलं निम्मं काम चेंडू हवेत असतानाच उरकलं पाहिजे. पहिलं दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगाने, शेवटचं एक तृतीयांश बारीक, झटपट पावलांनी. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, काठी समोर आणि तिचं टोक समोरच्याच्या हातमोज्यांच्या रोखाने. सरळ रेषेत धावायचं नाही. थोडं गोलच्या बाजूने तिरकं यायचं, म्हणजे त्याचा चांगला हात ज्या बाजूला आहे तो रस्ता आधीच बंद होतो आणि त्याला जायला आपण ठरवलेली बाजू तेवढी उरते.

बहुतेक गोल इथेच होतात, पुढे नाही. बचावपटू उशिरा निघाला तर चेंडू आणि तो एकाच वेळी पोचतात. तेव्हा त्याचा वेग पुढच्या दिशेला असतो, आक्रमक फक्त बाजूला एक पाऊल टाकतो आणि मोकळा होतो. दुसरी चूक म्हणजे पोचतानाच मोठा फटका हाणणं. सगळं वजन पुढच्या पायावर जातं आणि तो पाय जमिनीला खिळतो. तिसरी, पावलं एकमेकांवरून टाकणं: पाय ओलांडलेले असताना दिशा बदलताच येत नाही. तरुण बचावपटूंना प्रशिक्षक कधीकधी काठीशिवाय, हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवून हा सराव करायला लावतात. हातात लांब काठी असली की पायांचा आळस झाकला जातो, म्हणून.

दुसरा तुकडा म्हणजे सोबत पळणं. आक्रमकाने हल्ला चढवला की मागचा पाय तिरका मागे टाकून कंबर उघडायची आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून धावायचं, डोकं मात्र त्याच्या आणि गोलच्या मधे. हात एकत्र काठीवर असताना मनगटाने आणि कोपरापुढच्या हाताने त्याच्या कंबरेवर दाब देता येतो. दोन हातांच्या मधल्या दांड्याने ढकललं की शिट्टी वाजते, त्याला क्रॉस-चेक म्हणतात. पाठीमागून ढकललं तरी शिट्टी वाजतेच. अंगाने धडक द्यायची तर समोरून किंवा बाजूने, कंबरेच्या वर आणि मानेच्या खाली. आक्रमकालाही बंधन आहे: मोकळ्या हाताने त्याला बचावपटूची काठी झटकता येत नाही. हुशार बचावपटू मुद्दाम काठी तिथेच ठेवतो, वैतागून हात चालवायला लावतो आणि चेंडू आपल्या संघाला मिळवून देतो. यात थोडा चावटपणा आहे हे खरं, पण तो नियमात बसतो.

गोलच्या मागून येणाऱ्या आक्रमकाचं गणित वेगळं. चौकटीची रेषा दोन्ही बाजूंना मनाने लांबवा. या रेषेवर फटक्याला कोन जवळजवळ शून्य. रेषेच्या वर, म्हणजे मैदानाच्या मध्याकडे, एकेक पाऊल येईल तसा कोन उघडत जातो, आणि रेषेपासून पाच यार्ड वर, चौकटीपासून पाच यार्ड बाजूला अशा जागी तो पोचला की चांगल्या फटकेबाजाला गोल दिसू लागतो. त्यामुळे बचावपटू एक्सवर जाऊन लढाई करत नाही, तिथून आक्रमकाला थेट फटका मारता येत नसतो. तो या रेषेपाशी आधी जाऊन उभा राहतो. आक्रमक पोचतो तेव्हा छाती समोर, आणि त्याला वर चढू न देता परत खाली ढकलायचं. इथला सापळा म्हणजे आतली गिरकी. बचावपटू घाईने फार वर गेला की आक्रमक त्याच्या अंगावर टेकून आतल्या बाजूला वळतो आणि थेट क्रीजच्या कडेला निघतो, गोलरक्षकापासून दोन पावलांवर. म्हणून वर अडवताना खालचा हात आणि कंबर आतल्या बाजूला राखून ठेवावी लागते.

प्रेक्षकांना आवडतो तो तिसरा तुकडा: चेंडू पाडणं. नियम असा की समोरच्याची काठी आणि काठी धरलेला, मोजा घातलेला हात यांवर मारता येतं. मोज्याच्या वरचा हात, खांदा, डोकं यांवर लागलं की तो स्लॅशिंगचा गुन्हा. सगळ्यांत उपयोगी प्रकार म्हणजे पोक. बिलियर्ड्सच्या काठीसारखा खालच्या हाताने दांडा पुढे ढकलायचा, वरच्या हातातून तो सरकू द्यायचा, आणि लगेच परत ओढायचा. नेम धरायचा तो त्याच्या खालच्या हातावर. यात पाय जागचे हलत नाहीत, तोल जात नाही, आणि फटका मारायला हात अंगापासून दूर निघाले त्याच क्षणी तो बसला तर चेंडू पडतो किंवा निदान भलतीकडे जातो. दुसरा प्रकार बारीक चापटीचा: काठीचं टोक फूट-दीड फुटापेक्षा जास्त मागे न्यायचं नाही. तिसरा, त्याच्या खालच्या कोपराखाली दांडा घालून हात वर उचलणं. त्याने फटका आभाळात जातो.

मग ते दिमाखदार प्रकार येतात: समोरच्याच्या डोक्यावरून काठी फिरवून मागून चेंडू पाडणं वगैरे. जमलं तर टाळ्या, चुकलं तर तुम्ही त्याच्या पाठीमागे आणि तो गोलसमोर एकटा. महाविद्यालयीन पातळीवर असा जुगार दर सामन्यात एखाद्‌दोनदा चालतो, तोही मागे मदत तयार असताना.

शिक्षांचा हिशोबही यात येतो. धरून ठेवणं, ढकलणं अशा तांत्रिक चुकांना ३० सेकंद बाहेर. स्लॅशिंग, क्रॉस-चेक, पाय घालून पाडणं अशा वैयक्तिक गुन्ह्यांना १ ते ३ मिनिटं. तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी. आणि संघाचा सर्वोत्तम बचावपटूच बाहेर बसला असेल तर नुकसान दुप्पट, कारण सहाविरुद्ध पाचांत ज्याची सर्वांत जास्त गरज असते नेमका तोच नाही. म्हणूनच मोठ्या बचावपटूंच्या खेळात संयम दिसतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटू शकतो.

आता मुख्य गोष्ट: स्लाइड. एखाद्या आक्रमकाने आपल्या बचावपटूला हरवलं की दुसरा बचावपटू आपला माणूस सोडून त्याच्या आडवा येतो. आता दुसऱ्याचा माणूस मोकळा, म्हणून तिसरा तिकडे सरकतो. हरलेला पहिला उरलेल्या जागेकडे धावतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत, आणि तोंडाने. गोलरक्षक चेंडू कुठे आहे ते ओरडत असतो, ज्याची पहिली स्लाइड आहे तो ‘हॉट’ म्हणून सांगतो, दुसरा ‘टू’ म्हणतो. मुका बचाव कितीही वेगवान असला तरी फुटतो. स्लाइड लवकर निघाली तर आक्रमक शांतपणे मोकळ्या माणसाला पास देतो. उशिरा निघाली तर फटका आधीच गेलेला. तीन जणांची साखळी आहे, एक कडी चुकली की चेंडू सर्वांत जवळच्या, सर्वांत मोकळ्या माणसाकडे पोचतो.

मोठ्या बचावपटूची किंमत इथे कळते. ज्याला स्लाइडची गरज पडत नाही, त्याच्यामुळे बाकीचे पाच जण आपापल्या माणसापाशी राहू शकतात. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक खेळाडू एका माणसाच्या भरवशावर सोडता येतो. हॉपकिन्सला पिएट्रामालामुळे ही चैन करता येत होती. त्याचा परिणाम त्याच्या नावापुढे लिहिला जात नाही. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बचावपटूला आपली जागा सोडावी लागली नाही, म्हणून जो पास दिलाच गेला नाही, त्यात तो असतो.

या चार वर्षांतली शिखरं दोन, एक विजयाचं आणि एक पराभवाचं. १९८७ मध्ये पिएट्रामाला दुसऱ्या वर्षाला होता, प्रशिक्षक होते डॉन झिमरमन, गोलमध्ये पहिल्या वर्षाचा क्विंट केसेनिच. राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत हॉपकिन्सने तोवर अपराजित असलेल्या मेरीलँडला हरवलं. अंतिम सामना कॉर्नेलशी, तेही तोवर अपराजित, आणि त्यांच्याकडे त्या वर्षीचा एनर्स पुरस्काराचा मानकरी टिम गोल्डस्टीन. गोल्डस्टीन मुख्यतः पास देणारा आक्रमक. अशा खेळाडूसमोर चेंडू पाडण्यापेक्षा त्याला मान वर करून पाहण्याइतकी उसंत न देणं महत्त्वाचं असतं. हॉपकिन्सने सामना ११–१० असा जिंकला. एका गोलाचा फरक असला की प्रत्येक अडवलेला हल्ला निर्णायक ठरतो, पण वर्तमानपत्रात फोटो शेवटचा गोल करणाऱ्याचाच छापून येतो.

त्या वर्षापासून सलग तीन वर्षं, १९८७, १९८८ आणि १९८९, तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘अखिल अमेरिकी’ पहिल्या संघात निवडला गेला. शेवटची दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम बचावपटूचा श्माइसर पुरस्कारही त्यालाच. ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे ते विल्यम श्माइसर हे हॉपकिन्सचेच जुने प्रशिक्षक.

दरम्यान सिराक्यूजला गॅरी आणि पॉल हे गेट बंधू आले होते. कॅनडातल्या व्हिक्टोरियाचे जुळे भाऊ, बंदिस्त जागेत खेळल्या जाणाऱ्या बॉक्स लॅक्रॉसमध्ये वाढलेले. तिथे गोल अजून लहान आणि गर्दी जास्त, त्यामुळे अंगावर बचावपटू असतानाही हात मोकळे ठेवून फटका मारायची सवय. १९८८ च्या उपांत्य सामन्यात पेनसिल्व्हेनियाविरुद्ध गॅरीने गोलच्या मागून उडी घेतली, क्रीजवर हवेत असतानाच चौकटीच्या वरून चेंडू आत घातला. पुढे नियम करून हा प्रकार बंद करावा लागला. विद्यापीठात त्याने एकूण १९२ गोल केले. बचावपटूसाठी असा खेळाडू म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या गणितावर पाणी: कोन नसताना गोल, तोल नसताना गोल, दोघे अंगावर असताना गोल.

१९८९ मध्ये सिराक्यूजने अख्ख्या हंगामात एकच सामना गमावला, तो हॉपकिन्सशी. अंतिम फेरीत पुन्हा हेच दोन संघ, मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर. गेट विरुद्ध पिएट्रामाला ही जोडी तेव्हापासून लॅक्रॉसवाल्यांच्या बोलण्यात आहे. अशा खेळाडूला शून्यावर ठेवणं कुणाच्याही हातात नसतं. करता येतं ते एवढंच: त्याला चेंडू मिळण्याआधी त्याच्या अंगाला भिडून राहणं, मिळाला तर तो त्याच्या कमकुवत हाताला आणि गोलपासून दोन-तीन यार्ड जास्त लांब मिळेल असं पाहणं, आणि दर वेळी दमवणं. हॉपकिन्स १२–१३ असं हरलं. तरीही त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पिएट्रामालाची निवड झाली. अंतिम सामन्यात हरलेल्या संघाचा बचावपटू, आणि स्पर्धेत गेट असताना. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीचा सर्वांत बोलका पुरावा हाच. मतं देणारे लोक खेळातले होते, म्हणून त्यांना तो दिसला.

एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. २००१ पासून टेवारटन हा वेगळा पुरस्कार देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जातो आणि आता तोच जास्त गाजतो. २०२५ पर्यंतच्या पुरुष विजेत्यांच्या यादीत आक्रमक आहेत, मधल्या फळीतले आहेत, निखळ बचावपटू एकही नाही. २००५ चा मानकरी काइल हॅरिसन हा तर खुद्द पिएट्रामालाने घडवलेला, पण तोही मधल्या फळीतला.

बचावपटूचं आणखी एक काम फारसं कुणी पाहत नाही: चेंडू मिळाल्यावर तो दुसऱ्या टोकाला पोचवणं, म्हणजे क्लिअर. गोलरक्षकाने फटका अडवला की बचावपटू दोन्ही कडांना पसरतात, मैदान जितकं रुंद करता येईल तितकं करतात. आजच्या नियमात चेंडू मिळाल्यापासून २० सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते आणि एकूण ८० सेकंदांत फटका मारावा लागतो. पिएट्रामालाच्या काळात फटक्याचं हे घड्याळ नव्हतं, ते २०१९ मध्ये आलं. घड्याळ नसल्याने तेव्हा आक्रमक संघ मिनिटन् मिनिटं चेंडू फिरवत राहू शकायचा, आणि बचावाला एका दमात आजच्यापेक्षा जास्त वेळ तग धरावा लागायचा. क्लिअर करताना ऑफसाइडचं भान लागतं: गोलरक्षक धरून चार जण नेहमी स्वतःच्या अर्ध्यात हवेत. लांब काठीवाला चेंडू घेऊन पुढे निघाला की मधल्या फळीतल्या एकाने मागे थांबायचं आणि तसं हात वर करून ओरडून सांगायचं. तो विसरला तर पन्नास यार्डांची मेहनत एका शिट्टीत वाया.

विद्यापीठानंतर तो अमेरिकेच्या संघातून १९९० मध्ये पर्थला आणि १९९४ मध्ये मँचेस्टरला जागतिक स्पर्धा खेळला. दोन्ही वेळा अमेरिकेने सुवर्ण जिंकलं. पुढे कॉर्नेलचा मुख्य प्रशिक्षक, मग २००१ च्या हंगामापासून २०२० पर्यंत हॉपकिन्सचा. २००५ मध्ये त्याच्या संघाने एकही सामना न गमावता ड्यूकला ९–८ असं हरवून विजेतेपद मिळवलं, २००७ मध्ये पुन्हा ड्यूकलाच १२–११. मधे २००४ ला राष्ट्रीय लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये समावेश. १९८७ चा विजय धरला तर हॉपकिन्ससाठी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून मिळून तीन विजेतेपदं, तिन्ही एकेका गोलाने. २०२१ मध्ये गॅरी गेट सिराक्यूजचा मुख्य प्रशिक्षक झाला. बचाव सांभाळायला त्याने कुणाला बोलावलं असेल? पिएट्रामालालाच.

न्यू जर्सी किंवा मेरीलँडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा खेळ मुलांच्या शाळेत भेटतो, आणि मुलगा बचावात असला की आई-बाबांना शनिवारी सकाळी नेमकं काय पाहायचं ते कळत नाही. त्यांच्यासाठी एक साधी पद्धत. कागदावर चार रकाने करा आणि एकाच बचावपटूवर नजर ठेवा, चेंडूवर नाही. पहिल्या रकान्यात त्याचा माणूस चेंडू घेऊन किती वेळा हल्ल्याला निघाला. दुसऱ्यात, त्यातल्या किती वेळा मदतीला दुसऱ्याला यावं लागलं. तिसऱ्यात, किती वेळा आक्रमक मागे फिरला किंवा पास देऊन मोकळा झाला. चौथ्यात त्याच्या शिक्षा. दुसरा आणि चौथा रकाना रिकामा, तिसरा भरलेला असेल तर मुलगा उत्तम खेळला, मग स्कोअर काहीही असो. पहिलाच रकाना जवळजवळ रिकामा दिसला तर समोरच्या संघाने त्याच्याकडे जायचंच सोडून दिलं आहे, आणि प्रशिक्षकाला त्याच्याबद्दल विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस पदकांसाठी परत येतं आहे, १९०८ नंतर पहिल्यांदाच. प्रकार मात्र सहाजणांचा, लहान मैदानाचा, ३० सेकंदांच्या घड्याळाचा. त्यात गोलरक्षक वगळता सगळ्यांच्या काठ्या आखूड आणि प्रत्येक जण पुढेही खेळतो, मागेही. लांब काठीवाला निव्वळ बचावपटू तिथे दिसणार नाही. ते ३० इंच हातातून गेले की समोरच्याला दोन पावलं आधी गाठावं लागतं, आणि ते फक्त पायांनी करता येतं.